देवी गेली, मग कार्बन का जात नाही? रोगनिर्मूलनाच्या मोहिमांतून पर्यावरणाच्या करारांनी काय घ्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेले असतानाही देवीचा रोग जगातून गेला, पोलिओही जवळजवळ गेला, मग हवामान, मिथेन, प्लास्टिक यांबाबत देशांची तशी एकजूट का होत नाही, आणि त्या मोहिमांतले नेमके काय पर्यावरणाच्या करारांत आणता येईल?

आधी प्रश्नातले गृहीत तपासू. देवी एकजुटीमुळे गेली असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कागदपत्रे वेगळे सांगतात. १९५८ साली सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य सभेत निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला, पुढच्या वर्षी तो मंजूर झाला, आणि मग कित्येक वर्षे त्याच्या वाट्याला फुटकळ पैसा आला. जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा जीव तेव्हा हिवतापाच्या (मलेरियाच्या) मोहिमेत अडकला होता. १९६६ मध्ये देवीसाठी वर्षाला सुमारे २४ लाख डॉलरची वेगळी तरतूद मताला टाकली गेली, ती अवघ्या दोन मतांनी निभावली. महासंचालक मार्कोलिनो कांदाउ यांचाच या मोहिमेवर भरवसा नव्हता. वर्गणी वाढायला नको, म्हणून श्रीमंत देशही नाखूश होते.

म्हणजे एकमत नव्हते, तरी पुढच्या अकरा वर्षांत काम झाले. ते कशाने झाले, हा खरा प्रश्न. माझे उत्तर: मोजणीने. काय मोजायचे ठरवले, मोजलेले कोणी तपासले, आणि खरा आकडा सांगणाऱ्याचे पुढे काय झाले, या तीन गोष्टींवर ती मोहीम उभी होती. पर्यावरणाचे जे करार चालले त्यांत या तिन्ही सापडतात. जे रखडले त्यांत यांतले काही ना काही गायब असते.

अर्थात प्रश्नाचा स्वभाव पाहिल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. साथरोगाच्या कामात कोणतेही उद्दिष्ट ठरवताना आधी रोगाची कुंडली पाहतात. देवीची कुंडली विलक्षण सोयीची होती. विषाणू फक्त माणसात राहायचा, जनावरांत त्याचा साठा नव्हता. पुरळ चेहऱ्यावर उठायचे, शेजारणीलाही ओळखता यायचे. लक्षणे नसलेला माणूस गुपचूप लागण पसरवत फिरत नसे. लस एकदा टोचली की वर्षानुवर्षे पुरायची आणि दंडावर वण राहायचा, त्यामुळे कोणाला टोचली आहे हे पाहून कळायचे. गोठवून सुकवलेली लस ३७ अंशांच्या उष्म्यातही महिनाभर टिकायची. दुभंगलेल्या टोकाची सुई आल्यावर तेवढ्याच कुपीत चौपट माणसे होऊ लागली. दंडावर एकाच जागी भराभर १५ टोचे, एवढीच कृती. अक्षरओळख नसलेला माणूसही ती थोड्या वेळात शिकत असे.

कार्बन डायऑक्साइडला यातले काहीही लागू पडत नाही. तो प्रत्येक ट्रक, वीजकेंद्र, सिमेंटभट्टीतून येतो, आणि त्याचा ‘शेवटचा रुग्ण’ असा कधी नसतो. म्हणून अख्ख्या हवामानप्रश्नाची देवीशी तुलना करू नका. तो प्रश्न सुटा करून पाहा. ओझोन थर खाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने मोजक्या कारखान्यांत बनत होती आणि त्यांना पर्याय सापडले. हा प्रश्न देवीच्या जवळचा. शिसेयुक्त पेट्रोलही तसेच. तेलशुद्धीकरण कारखाने हाताच्या बोटांवर, पर्याय तयार. भारतात ते २००० साली बंद झाले, जगात सर्वांत शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियात. तेल आणि वायूच्या विहिरी, वाहिन्या यांतून होणारी मिथेनची मोठी गळतीही याच गटात येते, कारण ती ठिकाण दाखवून पकडता येते. उलट कोळशाची वीज, शेतीतला मिथेन, प्लास्टिकचा कचरा हे हिवतापाच्या जातीचे: वाहक अनेक, सवयी अनेक, एकच उपाय सगळीकडे चालणार नाही. दोन्ही गटांना एकाच करारात, एकाच वेळापत्रकात कोंबले की सोपे कामही अवघडाच्या गतीने चालते.

आता मोजणी. १९६७ मध्ये ३१ देशांत देवी ठाण मांडून होती. त्या वर्षी अधिकृत नोंद झाली सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांची. खरा आकडा १ ते १.५ कोटी असावा असा अंदाज होता. म्हणजे शंभरातला एखादाच रुग्ण कागदावर येत होता. त्याआधीची पद्धत होती टोचण्या मोजण्याची. भारतात १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम होता आणि दिलेल्या लसींचे आकडे देखणे होते, पण उद्रेक थांबत नव्हते. कारण उघड आहे. उद्दिष्ट टोचण्यांचे असले की आरोग्यसेवक सहज सापडणाऱ्या शाळकरी पोरांना पुनःपुन्हा टोचतो. तान्ही मुले, स्थलांतरित मजूर, गावकुसाबाहेरची वस्ती तशीच राहते. केलेल्या कामाचा आकडा वाढतो, रोगाचा कमी होत नाही.

नवी पद्धत आधी पूर्व नायजेरियात हाताला लागली. १९६६ च्या अखेरीस तिथे लस कमी होती, म्हणून अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी आणि सहकाऱ्यांनी रुग्ण शोधून फक्त त्यांच्या भोवतीच्यांना टोचले, आणि साथ तुटली. भारतात ती १९७३ च्या शरदात मोठ्या प्रमाणावर आली. महिन्यातला एक आठवडा आरोग्य खात्याचे जवळजवळ सगळे कर्मचारी आपापली कामे सोडून घरोघर शोध घेत. हातात देवी आलेल्या मुलाच्या रंगीत चित्राचे कार्ड. ते शाळेत, बाजारात, चहाच्या टपरीवर दाखवायचे आणि ‘असे कोणी पाहिले का’ एवढेच विचारायचे. रुग्ण सापडला की घरातल्यांना, मग शेजाऱ्यांना, मग अख्ख्या गावाला लस. दारावर रात्रंदिवस राखणदार. आत येणाऱ्या प्रत्येकाला टोचूनच पुढे सोडायचे. मग लागण आली कुठून त्याचा माग काढायचा आणि त्या गावीही हेच. शेवटच्या पुरळानंतर काही आठवडे नवा रुग्ण नाही दिसला तरच उद्रेक वहीतून काढायचा. पहिल्या पथकाने धुंडाळलेल्या गावांपैकी काही गावे दुसरे पथक न सांगता पुन्हा तपासत असे, आणि गावकऱ्यांनी ‘कोणी आलेच नव्हते’ म्हटले तर शोध पुन्हा.

पहिल्याच फेरीत उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून दहा हजारांच्या आसपास असे रुग्ण सापडले ज्यांचा खात्याला पत्ता नव्हता. १९७४ साली देशाचा आकडा सुमारे १ लाख ८८ हजारांवर गेला. टाटानगरची लागण रेल्वेने दूरदूरच्या गावांत पोहोचली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की मोहीम बुडाली, आणि पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळा असा दबाव आलाही. आकडे फुगण्याचे एक मोठे कारण हे होते की पहिल्यांदा कोणी धड पाहत होते. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारताला देवीमुक्त ठरवले, तेही पूर्ण दोन वर्षे चालू राहिलेला शोध तपासून.

पर्यावरणाच्या कामात सर्वांत आधी हे घ्यावे: प्रामाणिक मोजणी सुरू झाली की पहिली दोन वर्षे आकडे चढतात, आणि ते सोसण्याची सोय करारात आधीच हवी. एखादा देश कचराभूमीतून किंवा कोळसा खाणीतून निघणारा मिथेन पहिल्यांदा नीट मोजेल तेव्हा त्याचे उत्सर्जन ‘वाढलेले’ दिसेल. त्याच दिवशी त्याच्यावर टीकेचे मोहोळ उठणार असेल, तर तो जुनी अंदाजी सूत्रेच वापरत राहील. पॅरिस कराराच्या अहवालांत आधीच्या वर्षांचे आकडे नव्या पद्धतीने फेरमोजून देण्याची मुभा आहे. ही तरतूद कोरडी वाटते, पण माझ्या मते करारातल्या अनेक मोठ्या घोषणांपेक्षा ती कामाची आहे.

दुसरी गोष्ट पोलिओची. देवीपेक्षा पोलिओ कितीतरी फसवा, कारण शंभरावर लागणींमागे एखाद्याच मुलाला लुळेपणा येतो. मग ‘आमच्याकडे पोलिओ नाही’ हे खरे की ‘आम्ही पाहिलेच नाही’, हे ओळखायचे कसे? पोलिओ नसतानाही इतर कारणांनी काही मुलांना अचानक लुळेपणा येतोच. पंधरा वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक अशी केस नोंदली गेलीच पाहिजे, असा निकष ठरवला. भारतात तो दोनचा केला. प्रत्येक मुलाचे शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, आणि किमान ८० टक्के मुलांचे नमुने वेळेत व चांगल्या स्थितीत प्रयोगशाळेत. एखादा जिल्हा ‘शून्य पोलिओ’ कळवतो पण इतर लुळेपणाच्या केसही शून्य, तर तो जिल्हा शाबासकीला नव्हे, तपासणीला पात्र ठरतो. शिवाय मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले. एकही मूल लुळे पडलेले नसताना विषाणू फिरतो आहे का, हे गटाराने सांगितले.

पर्यावरणाच्या करारांत या निकषाचा भाऊ मला अजून दिसत नाही. देश उत्सर्जन कळवतात, तज्ज्ञ त्या अहवालाचे परीक्षण करतात. पण ‘तुम्ही पुरेसे शोधले का’ याचे वेगळे माप नाही. इतक्या किलोमीटर वायुवाहिनीमागे वर्षाला इतकी गळती सापडायलाच हवी, आणि एकही कळवली नसेल तर बाहेरचे पथक येईल, असा नियम तेलवायूच्या क्षेत्रात सहज बसवता येईल. तो कोणाला दोषी ठरवत नाही, फक्त न पाहण्याची सोय काढून घेतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक: खरे सांगणाऱ्याचे काय होते? इतिहास इथे फार बोलका आहे. पटकीवर (कॉलऱ्यावर) पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला १८५१ मध्ये भरली. अमलात आलेला पहिला करार व्हेनिसला १८९२ मध्ये झाला. एकेचाळीस वर्षे! रोग कशाने पसरतो यावर एकमत नव्हते हे खरेच, पण ब्रिटनला भारताशी चालणारा जहाजी व्यापार अडायला नको होता हेही तितकेच खरे. करार झाला तोही सगळ्या पटकीवर नव्हता, सुएझमधून पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांपुरता होता. हवामान वाटाघाटींना उशीर झाला म्हणून हताश होणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. प्रश्न अरुंद केला तेव्हाच सही झाली, हेही.

मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीला युरोपीय देशांनी व्हेनिसलाच खास प्लेगसाठी परिषद भरवली. मुंबईच्या मालावर, प्रवाशांवर, हजच्या जहाजांवर निर्बंध आले. त्या दबावाखाली सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली सैनिक घरात घुसवले. पुढचे आपण जाणतो. इथे कामाचा तपशील असा, की लोक रुग्ण लपवू लागले आणि घरे सोडून पळाले. म्हणजे ज्या माहितीवर नियंत्रण उभे राहायचे तीच आटली. बाहेरच्या व्यापारी दबावातून आतली जबरदस्ती आणि जबरदस्तीतून लपवाछपवी, ही साखळी नंतरही दिसत राहिली. १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगनंतर विमाने रद्द झाली, निर्यात अडली; त्या साथीतले मृत्यू काही डझनांत होते. असे पाहिल्यावर पुढच्या साथीत कोणता देश आपणहून कळवेल?

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये नव्याने लिहिली गेली ती यातूनच, विशेषतः २००३ च्या सार्सनंतर. त्यात दोन मोठे बदल आहेत. एक, जागतिक आरोग्य संघटना केवळ सरकारी कळवण्याची वाट पाहत नाही; बातम्या, प्रयोगशाळा, इतर देश यांच्याकडून आलेली माहिती घेऊन ती त्या सरकारला विचारू शकते. दोन, इतर देशांनी गरजेपेक्षा जास्त निर्बंध लावले तर त्यांना कारण द्यावे लागते. दुसरा बदल कागदावरच जास्त राहिला: नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार लगेच जगाला कळवला आणि बक्षीस म्हणून तिची विमाने बंद झाली. पहिला बदल मात्र टिकला.

पर्यावरणात त्याचा सर्वांत सुरेख नमुना म्हणजे सीएफसी-११ चा, म्हणजे ओझोन खाणाऱ्या त्याच क्लोरोफ्लुरोकार्बनांपैकी एकाचा, माग. या रसायनाचे उत्पादन जगभर २०१० पासून बंद असायला हवे होते. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की हवेतले त्याचे प्रमाण अपेक्षेइतके घटत नाही. २०१२ नंतर घटीचा वेग सुमारे निम्म्यावर आला होता. कोणत्याही देशाने काही कळवलेले नव्हते. कोरियाच्या जेजू बेटावरचे गोसान आणि जपानचे हातेरुमा या दोन केंद्रांच्या नोंदी व वाऱ्याच्या दिशा जुळवून २०१९ मध्ये बोट ठेवता आले: वाढीचा निम्म्याच्या आसपासचा भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शांतुंग आणि हपै या प्रांतांतून. उष्णतारोधक फोम बनवण्यासाठी चोरून वापर चालू होता. चीनने कारवाई केली, उत्सर्जन खाली आले. उरलेला भाग कुठला हे मात्र ठरवता आले नाही, कारण जगाच्या मोठ्या भागावर अशी केंद्रेच नाहीत. शोधपथक जिथे फिरते तिथलाच रुग्ण सापडतो, ही साथरोगातली जुनी अडचण.

मिथेनच्या बाबतीत उलटा प्रकार आहे: रुग्ण सापडतो, पण पथक जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उपग्रहांच्या आधारे मोठी गळती दिसली की त्या सरकारला व कंपनीला कळवण्याची व्यवस्था २०२२ मध्ये जाहीर केली. त्यांच्या २०२४ च्या अहवालानुसार बाराशेवर इशाऱ्यांपैकी जेमतेम एक टक्क्याला दखलपात्र उत्तर आले. देवीत रुग्णाभोवती लसीचा वेढा पडायचा; नुसत्या शोधाला तशा वेढ्याची जोड नसेल तर असे होते. इशारा आल्यावर किती दिवसांत कोण जागेवर जाणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि वहीतून तो उद्रेक कधी काढायचा, हे आधी ठरलेले हवे.

इथवरचे थोडक्यात: प्रश्न अरुंद करून घ्या, कामाऐवजी रोग मोजा, शोध पुरेसा झाला का याचे वेगळे माप ठेवा, आणि खरे कळवणारा आतबट्ट्यात जाणार नाही याची तजवीज करा.

आता पैसा. देवीच्या मोहिमेचा १९६७ पासूनचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर धरतात, त्यातला बाहेरून आलेला एक तृतीयांश. बाकी भार रोग असलेल्या देशांनीच उचलला. पण पैशाबाबत शिकायचे तर पश्चिम आफ्रिकेतल्या ऑन्कोसर्कायसिसच्या मोहिमेकडे पाहा. या रोगाने नदीकाठची माणसे आंधळी होत आणि सुपीक खोरी ओस पडत. काळी माशी वाहत्या पाण्यात वाढते, तिची अळी आठवड्याभरात मोठी होते, म्हणून दर आठवड्याला हेलिकॉप्टरने नद्यांत औषध सोडावे लागे. माणसाच्या अंगातली मादी जंत दहा-पंधरा वर्षे जगते. तेवढा काळ माशी रोखली तर अंगातला साठा आपोआप संपतो. मग मोहीमच वीस वर्षांची आखली. देणगीदारांनी पैसा एका सामायिक निधीत टाकला, तो जागतिक बँकेने सांभाळला. १९७४ ते २००२, अखेरीस अकरा देश. पैशाची मुदत जंताच्या आयुष्यावर ठरली, अर्थसंकल्पाच्या वर्षावर नाही. वाऱ्यावर शेकडो किलोमीटर वाहत येणाऱ्या माशा साफ केलेल्या खोऱ्यांत परतू लागल्या तेव्हा हद्द वाढवली. १९८० मध्ये एका औषधाला माशी दाद देईनाशी झाली, तेव्हा औषधे आलटून पालटून वापरली. आणि प्रत्येक नवे औषध नदीत टाकण्याआधी मासे व पाणकिड्यांवरचा परिणाम पाहणारा स्वतंत्र गट होकार देत असे. त्या काळात हे दुर्मीळच.

याच्या शेजारी श्रीमंत देशांनी हवामानाच्या कामासाठी विकसनशील देशांना २००९ मध्ये कोपनहेगनला दिलेले वर्षाला १०० अब्ज डॉलरचे वचन ठेवून पाहा. मुदत २०२०, आकडा गाठला २०२२ मध्ये, तोही कर्जे धरून. आणि काय धरायचे यावर वाद अजून संपलेला नाही. उलट ओझोन थर वाचवणाऱ्या माँट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी दर तीन वर्षांनी भरला जातो, त्याच्या समितीत विकसित आणि विकसनशील देशांचे सात-सात सदस्य, आणि पैसा जादा खर्चाचा हिशेब पाहून मिळतो. भारताशी १९९९ मध्ये सीएफसीचे उत्पादन बंद करण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. दरसाल ठरलेले टन कमी झाले, तपासणी झाली, की पुढचा हप्ता. दम्याच्या फवाऱ्यांपुरती सूट वगळता आपले उत्पादन ऑगस्ट २००८ मध्ये, मुदतीच्या सतरा महिने आधी थांबले.

पैसा चुकीच्या गोष्टीला बांधला तर काय होते याचाही धडा आपल्याच देशात आहे. हवामानाच्या क्योटो कराराखाली एचएफसी-२३ हा टाकाऊ वायू जाळणाऱ्या कारखान्यांना कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळत. जाळण्याचा खर्च किरकोळ, क्रेडिटची किंमत प्रचंड. मूळ रसायनापेक्षा कचरा जाळून जास्त कमाई होऊ लागली आणि काही कारखान्यांना उत्पादन वाढवणेच परवडू लागले. युरोपने २०१३ पासून ती क्रेडिट नाकारली, आणि २०१६ मध्ये भारताने आपल्या कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने जाळायला लावला. देवीत बक्षीस होते ते नव्या उद्रेकाची खबर देणाऱ्याला, तीही पडताळून. रक्कम पन्नास रुपयांपासून सुरू होऊन शेवटी हजारावर गेली. रोग जसा दुर्मीळ, तशी खबर महाग. बक्षीस शोधाला दिले तर शोध वाढतो, विल्हेवाटीला दिले तर कचरा वाढतो.

सर्वांत कमी आठवला जाणारा, म्हणून मुद्दाम शेवटाकडे ठेवलेला दाखला हिवतापाचा. १९५५ मध्ये जागतिक निर्मूलन मोहीम जाहीर झाली, जरी उष्णकटिबंधीय आफ्रिकेचा बराचसा भाग तीत नव्हताच. भारतात १९५८ पासून घराच्या आतल्या भिंतींवर चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी, वर्षातून दोन फेऱ्या. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. श्रीलंकेत १९६३ साली फक्त १७! मग दोन्हीकडे ढिलाई. भारतात १९७६ मध्ये ६४ लाखांवर रुग्ण, श्रीलंकेत १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर. डासांची प्रतिकारशक्ती हे कारण सगळे सांगतात. त्याइतकेच मोठे कारण हे, की ‘देखभाल’ टप्प्यात (फवारणी थांबवून फक्त नजर ठेवायची) ढकललेल्या भागांत रुग्ण ओळखून रक्त तपासणारी कायमची आरोग्यव्यवस्था उभीच नव्हती. शहरांकडेही उशिरा लक्ष गेले. डीडीटी वेळेवर पोहोचेना, बाहेरचा पैसा आटला. १९६९ मध्ये आरोग्य सभेने निर्मूलनाचा आग्रह सैल केला. रायगडातल्या रसायनीला सरकारी कारखान्यात बनणारे तेच डीडीटी पुढे घातक, टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात निर्बंधित यादीत गेले, फक्त रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत राखून. एका मोहिमेचे शस्त्र दुसऱ्या कराराचा विषय झाले.

‘नेट झिरो’च्या (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण) आराखड्यांत मला हिवतापाचाच घाट दिसतो: ठरलेले साल, एक-दोन लाडकी तंत्रे, आणि उद्दिष्ट गाठल्यावर राखणार कोण याबद्दल मौन. जंगलात साठवलेला कार्बन वणव्यात एका उन्हाळ्यात परत जातो. त्याची राखण वनरक्षकाच्या पगारावर चालते, आणि तो पगार शंभर वर्षे कोण देणार हे आराखड्यात लिहिलेले नसते.

प्लास्टिकबद्दल तुम्ही वेगळे विचारले होते. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत करार करायचे ठरले. बुसानला डिसेंबर २०२४ मध्ये आणि जिनिव्हाला ऑगस्ट २०२५ मध्ये मसुदा अडला. अडण्यामागे उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही हा वाद आहेच, शिवाय एकमत न झाल्यास मतदान घ्यायचे की नाही, हेही ठरत नाही. देवीची तरतूद दोन मतांनी निभावली म्हणजे त्या सभेत मतदान करता येत होते. मसुद्याची पुढची आवृत्ती हाती आली की उत्पादनाच्या मर्यादेवरचे कलम वाचण्याआधी आणखी तीन ठिकाणे पाहा: प्रत्येक देशाने किती कच्चे पॉलिमर (प्लास्टिकचा मूळ माल) बनवले व आयात केले हे टनांत कळवणे बंधनकारक आहे का, ते बाहेरच्या कोणाला पडताळता येईल का, आणि माँट्रियलसारखा, सही न करणाऱ्यांशी त्या मालाचा व्यापार रोखणारा नियम आहे का. तिसरा नियम नसेल तर कारखाना सीमेपलीकडे हलेल. पहिले दोन नसतील तर तो हलला हेही कळणार नाही.